वैशाखातले डोह, मृगातली चढण : आपल्या गावच्या नदीचा वर्षभर अभ्यास कसा करावा

नदीचा अभ्यास करायचा म्हणून कोणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, मे महिन्यात वेळ आहे का? कोकणातली नदी कळते ती वैशाखात. जुलैत दोन्ही थड्या भरून लाल पाणी वाहतं तेव्हा बघायला छान वाटतं, पण आत काय आहे ते दिसत नाही. वैशाखात धार तुटते, खळाळ गप्प होतात, पात्रातले गोटे तापून पांढरे पडतात आणि नदी डोहांपुरती उरते. मासे, झिंगे, खेकडे, शिंपले, कासवं, सगळे त्या आठ-दहा डोहांत जीव धरून असतात. मृगाचा पाऊस पडला की तिथूनच सगळी नदी पुन्हा भरते.

म्हणून मोसमी नदी सांभाळायची तर आधी तिचे डोह सांभाळायचे, असं माझं ठाम मत आहे. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका कामाशी जोडलेली आहे.

नदीच्या अभ्यासाची बरीच पुस्तकं थंड देशांतल्या नद्यांवर लिहिलेली आहेत. तिथे चार ऋतू, बर्फाचं पाणी आणि बारमाही धार. आपल्याकडे कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. दक्षिण कोकणातल्या बहुतेक नद्या १०० किलोमीटरही लांब नाहीत. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेलं पाणी बघता बघता खाडीला मिळतं. त्यामुळे वर्षातून एकदा नमुना घेऊन इथे काहीच हाती लागत नाही. पाऊस संपल्यावर कार्तिकात, मग माघात आणि मग वैशाखात, अशा निदान तीन फेऱ्या हव्यात.

चार-पाच माणसं, महिन्याला दोन दिवस आणि एक वर्ष एवढी तयारी असेल तर शाळा, महाविद्यालय, ग्रामपंचायत किंवा गावातलं मंडळ, कोणालाही हे जमतं.

पायरी १ : नदीचा तुकडा ठरवा

सगळी नदी घेऊ नका. पायी एका दिवसात चालून होईल असा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा पुरे. त्यात तीन ठिकाणं पक्की करा : एक गावाच्या वर, जिथे अजून वस्तीचं सांडपाणी मिळालेलं नाही, दुसरं गावाच्या लगेच खाली, तिसरं आणखी दोनेक किलोमीटर खाली. वरचं ठिकाण हे तुमचं माप. खालच्या दोन्ही ठिकाणांची तुलना त्याच्याशीच करायची, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नदीच्या आकड्यांशी नाही. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे थांबा. त्याच्या खाली खाडीचं राज्य आहे आणि तो वेगळा अभ्यास आहे.

आपल्या नदीतलं पाणी मुळात तिचंच आहे का, हेही सुरुवातीलाच शोधून काढा. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर पोफळी-कोळकेवाडी मार्गे वाशिष्ठीत येतं. मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून कुंडलिकेत येतं, आणि कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. अशा नद्या भर उन्हाळ्यातही वाहतात, पण वीजनिर्मितीच्या वेळेनुसार त्यांचं पाणी दिवसातून चढतं आणि उतरतं. तिथे सकाळची आणि दुपारची मोजणी मुळीच जुळणार नाही, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे घड्याळातली वेळ हवीच.

ग्रामपंचायतीला पत्र द्या. तुकडा राखीव जंगलात किंवा अभयारण्यात येत असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

जिवाची काळजी आधी. सावित्रीत महाडजवळ आणि वाशिष्ठीत चिपळूणजवळ मगरी आहेत. काठावर राहणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कुठल्याही डोहात उतरायचं नाही. एकट्याने जायचं नाही. घाटमाथ्यावर काळं झालं की इथे ऊन असलं तरी पात्रातून बाहेर यायचं. पायाला जखम असेल तर पावसाळी पाण्यात जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) फार वाईट.

पायरी २ : डोहांची मोजदाद

हे काम मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, वळिवाच्या आधी उरकायचं. खालून वर चालत या. प्रत्येक डोहाशी थांबा आणि चार गोष्टी लिहा : नाव, लांबी-रुंदी, सगळ्यात खोल जागेची खोली आणि तळाला काय आहे. खडक, गोटे, वाळू की चिखल?

नाव मुद्दाम पहिलं लिहिलं. प्रत्येक डोहाला, कोंडीला गावात नाव असतं, आणि त्या नावातच बऱ्याचदा तिथला इतिहास असतो. नकाशावर ती नावं सापडत नाहीत. ती लिहिली गेली नाहीत तर आणखी वीस वर्षांनी कोणालाच आठवणार नाहीत.

खोलीसाठी सरळ चिव्याची (बांबूची) काठी घ्या आणि दर दहा सेंटिमीटरवर ऑइल पेंटने खूण करा. काठी पुरत नसेल तर दोरीला दगड बांधा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर मीटरला मोजत गेलात तर घरी आल्यावर चौकटीच्या कागदावर डोहाचा तळ काढता येतो. काठावरच्या न हलणाऱ्या एखाद्या कातळावर रंगाची आडवी रेघ मारा आणि त्या दिवशी पाणी रेघेच्या किती खाली आहे ते नोंदवा. पुढच्या वर्षी पाणी कमी-जास्त असेल, तळ वर आला असेल, तर ते या एका रेघेमुळेच कळेल.

आमच्या इथे एका डोहात काठी बुडवली तेव्हा ती छातीएवढ्या पाण्यातच तळाला टेकली. काठावर म्हशी घेऊन बसलेले आजोबा बघत होते. म्हणाले, "हितं दोन परस पानी व्हतं. आमी बुडी मारून तळाचा दगड आनायचो." दोन परस म्हणजे दोन पुरुष खोल. काठी वर काढली तर टोकाला बोटभर राखाडी चिकट गाळ होता. तो गाळ नदीच्या वाळूचा नव्हता. वरच्या उतारावर बागेसाठी जेसीबीने डोंगर उघडा केला होता, त्याची ती माती. त्या बोटभर गाळामुळे आमच्या अभ्यासाची दिशाच बदलली, आणि पुढचा महिना आम्ही नदी सोडून डोंगर चढत होतो.

पायरी ३ : माणसांना विचारा

भोई, पागी (पाग म्हणजे फेकजाळं टाकून मासे धरणारे), धुणं धुणाऱ्या बायका, गुराखी आणि नदीकाठचे जुने शेतकरी. प्रश्न मोजके ठेवा, पण सगळ्यांना तेच विचारा : पूर्वी कोणते मासे मिळायचे जे आता मिळत नाहीत? धार कोणत्या महिन्यात तुटायची, आता कोणत्या महिन्यात तुटते? मोठा मासा शेवटचा कधी पाहिला? वर्ष आठवत नसेल तर "धाकट्या मुलीच्या लग्नाच्या आधी की नंतर?" असं विचारा, बरोबर आठवतं.

स्थानिक नावं जशीच्या तशी लिहा. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या महसीर माशाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा 'खुद्री' हा शब्द इथल्याच बोलीतून घेतला. आपण त्याला खडस म्हणतो.

पायरी ४ : धार मोजा

यंत्र लागत नाही. एक संत्रं, एक टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ. संत्रं घ्यायचं कारण ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबूनही दिसतं.

नदी सरळ वाहते अशी दहा मीटर जागा निवडा. तिथली रुंदी मोजा. रुंदीत पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं वरच्या खुणेच्या थोडं आधी सोडा आणि दहा मीटरला किती सेकंद लागले ते बघा. मध्यभागी, डावीकडे आणि उजवीकडे मिळून निदान सहा वेळा करा.

समजा रुंदी ८ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, आणि दहा मीटरला २५ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. आठ गुणिले ०.४ गुणिले ०.४ म्हणजे १.२८. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून याला ०.८५ ने गुणायचं. उत्तर सुमारे १.०९ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १,०९० लिटर.

ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी हे मोजून आलेख काढला की धार कशी उतरत जाते ते दिसतं. उतार अचानक तुटलेला दिसला तर त्या आठवड्यात वर काय झालं ते शोधा : नवीन पंप बसला, बंधारा घातला की कालव्याचं दार उघडलं?

नदीला किती पाणी ठेवायचं, यावर आपल्याकडे एक ठोस सरकारी दाखला आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत वरच्या गंगेसाठी पावसाळ्यात ३० टक्के, ऑक्टोबर आणि एप्रिल-मे मध्ये २५ टक्के, तर नोव्हेंबर ते मार्च २० टक्के प्रवाह सोडणं बंधनकारक केलं. तेच आकडे उचलून आपल्या नदीला लावू नका. गंगेला हिमालयाचा बर्फ आहे, आपल्याला नाही. पण महिन्यामहिन्याला वेगळं पाणी ठरवायचं ही पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

पायरी ५ : पाणी तपासा, पण पहाटे

तापमान, सामू (pH), विद्युतवाहकता (पाण्यात किती क्षार विरघळलेत याचं माप) आणि विरघळलेला ऑक्सिजन. सुरुवातीला एवढंच पुरे. वाहकता मोजायचं खिशातलं मीटर स्वस्तात मिळतं आणि ते फार उपयोगी पडतं. गावाच्या वर आणि खाली वाहकतेत मोठी उडी दिसली की मध्ये काहीतरी मिसळतंय हे नक्की.

ऑक्सिजनबाबत एक चूक जवळजवळ सगळे करतात. सकाळी अकरा वाजता जाऊन नमुना घेतात. तोवर शेवाळाने ऊन खाऊन पाण्यात ऑक्सिजन सोडलेला असतो, आकडा सुंदर येतो आणि सगळे खूश होतात. मासे मरतात ते पहाटे, सूर्य उगवण्याआधी, कारण रात्रभर सगळे जीव ऑक्सिजन वापरतात आणि नवा तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात निदान एक फेरी पहाटे पाचची करा.

गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम ७.५. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी किमान ४ आणि अंघोळीसाठी किमान ५ हवा. वैशाखातल्या उथळ डोहात आधीच गंगाजळी कमी, त्यात थोडं सांडपाणी पडलं तरी पाणी चारच्या खाली जातं.

महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळ असेल तर विंकलर पद्धत वापरा. बाटलीत नमुना घेऊन दोन द्रावणं घातली की लगेच साका बनतो. साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. शाळेतल्या मुलांच्या हातात ती पांढरी बाटली दिली की त्यांना आलेख दाखवावा लागत नाही.

पायरी ६ : दगड उलटा

सगळ्यात खात्रीची पायरी हीच, असं मला वाटतं. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, पण दगडाखाली राहणारा किडा महिनोन्‌महिने तिथेच असतो. परवा रात्री कोणी काही सोडलं असेल तर पाणी वाहून गेलं, किडा मात्र साक्षीला राहतो.

दोन काठ्यांना मच्छरदाणीचं कापड शिवून जाळी करा. खळाळात एकाने जाळी तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या बाजूला एक मिनिट पायाने गोटे ढवळायचे. जाळीतलं सगळं पांढऱ्या ताटात ओतायचं आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग एकेक जण हलायला लागतो.

चपटं अंग, बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे हलणारे कल्ले असतील तर ती मेफ्लायची अळी. दोनच शेपट्या आणि पायाच्या टोकाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, म्हणजे पाणी उत्तम. आणि दगडाला वाळूचा छोटासा पुंजका चिकटलेला दिसला तर तो हळूच उचलून भिंगाखाली धरा. एकेक वाळूचा कण रेशमाने सांधून बांधलेली नळी असते, आणि थोडा वेळ शांत राहिलात तर तिच्या तोंडातून डोकं आणि पाय बाहेर येतात. ती कॅडिसफ्लाय. चतुर आणि टाचणीच्या अळ्याही भेटतील.

या तिन्ही माश्या गायब होऊन नुसत्या लाल अळ्या उरल्या असतील तर समजा की ऑक्सिजन संपलेला आहे. त्या अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती घाणीतही तग धरते. वर आणि खाली प्रत्येकी तीन ठिकाणी सारखाच वेळ ढवळा, प्रकार मोजा आणि सगळे जीव परत पाण्यात सोडा.

पायरी ७ : मासे आणि चढण

मासे मोजण्यासाठी मासे मारायची गरज नाही. गावातल्या पागवाल्यासोबत जा. दहा वेळा पाग टाकल्यावर काय काय मिळालं ते प्रकारानुसार लिहा, पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये पट्टी ठेवून फोटो काढा. सगळ्या डोहांत दहाच फेकी, तरच तुलना होते. काठावरच्या कातळावर पाणमांजराची विष्ठा दिसली तर तिच्यातले खवले आणि खेकड्याची कवचंही बघा.

खरी नोंद मृगात. पहिले मोठे पाऊस झाले की शिंगटी, मळ्ये, डोकऱ्या अंड्यांनी भरून ओढ्यावहाळांतून थेट भातखाचरांपर्यंत चढतात. हीच चढण, रायगड-ठाण्याकडे वलगण. पहिल्या चढणीची तारीख, वेळ, कोणत्या वहाळातून आणि कुठे अडली ते लिहा. अडल्याची जागा नकाशावर लाल खुणेने दाखवा. ती सहसा कुठला तरी बंधारा, मोरीचा उंचावलेला पाइप किंवा वहाळाच्या पूर्ण रुंदीला लावलेली खोईन (मासे अडकवायचा सापळा) असते.

काठावरची झाडंही याच फेऱ्यांत लिहून घ्या. करंज, उंबर, वाळुंज आणि पात्रातली शेरणी कुठे शाबूत आहेत, कुठे उपटली गेली. जलपर्णी, चिलापी किंवा डासांसाठी सोडलेले गप्पी दिसले तर वेगळी नोंद.

सगळं पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात पसरते. दर फेरीनंतर वहीच्या पानांचे फोटो काढून दोघांकडे ठेवा.

आता करायचं काय

वर्ष संपलं की सगळ्या नोंदी घेऊन ग्रामसभेत बसा. आलेख कमी, फोटो आणि डोहांची नावं जास्त. आणि मागणी एकच ठेवा : दोन डोह राखायचे. तुमच्या मोजणीत सगळ्यात खोल आणि वैशाखातही न आटणारे दोन. तिथे वर्षभर मासेमारी नाही, पंप नाही, वाळू उपसा नाही. बाकीच्या डोहांत लोकांनी खुशाल मासे धरावेत.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. देवीचा कोंड म्हणून तिथले मासे कोणी धरत नाही, आणि महसीर माणसाच्या हातभर अंतरावर येतात. कायद्याचा आधारही आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्या डोहांची यादी लोक जैवविविधता नोंदवहीत जायला हवी. वनहक्क कायदा २००६ मध्ये पाण्यातल्या माशांवरचे सामूहिक हक्कही मानलेले आहेत. २०२१ मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या परिसरात सापडलेल्या एका छोट्या माशासाठी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, म्हणजे बोटभर माशासाठीही हे होऊ शकतं. ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटिनची कांडी टाकून मासे मारणाऱ्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, ठरावात तेही लिहा.

बंधाऱ्यांचं काम वेळापत्रकाचं आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या, काढता येणाऱ्या फळ्या) पहिल्या चढणीच्या आधी निघाले पाहिजेत. माती-वाळू भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा घालताना एका कडेला कायम वाहती फट ठेवा, नाहीतर वरच्या गावाला पाणी आणि खालचा डोह कोरडा. आणि ती पोती मे अखेर उचलून आणा, पुरात ती फाटून खाडीपर्यंत जातात. चढणीचा मासा हा कोकणातल्या माणसाचा जिव्हाळ्याचा घास आहे, तो बंद करा असं मी म्हणत नाही. निम्मी रुंदी मोकळी सोडा आणि पहिले काही दिवस मासा वर जाऊ द्या, एवढंच.

गाळाबद्दल नीट बोललं पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाल्यापासून कोकणभर गाळ काढण्याची मागणी आहे, आणि ज्यांच्या घरात छतापर्यंत पाणी आलं त्यांची भीती खोटी नाही. पण चिखलाचा गाळ आणि गोट्या-वाळूचा थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोह बुजवणारी डोंगराची माती काढावीच. खळाळातले गोटे मात्र नदीचं घर आहे, मेफ्लायपासून खडसापर्यंत सगळे त्यावर अवलंबून असतात. पोकलेन पात्रात उतरण्याआधी तुमचा डोहांचा नकाशा अभियंत्यांच्या हातात द्या, कुठे खोदायचं आणि कुठे नाही ते रंगवून. काढलेला गाळ काठावर टाकू देऊ नका, पहिल्याच पुरात तो परत आत येतो.

सांडपाण्यासाठी घरटी शोषखड्डा हा सगळ्यात स्वस्त उपाय. सुरुवात राखलेल्या डोहाच्या वरच्या घरांपासून करा.

शेवटचं, आणि कळकळीने सांगतो : उत्साहात बाहेरून मत्स्यबीज आणून नदीत सोडू नका. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेला आपला खडस कावेरीत सोडला गेला आणि तिथल्या मूळच्या कुबडधारी महसीरची जागा त्याने घेतली. तो मासा आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. डोह राखला तर नदीचे स्वतःचे मासे वाढतात.

पुढच्या वैशाखात तीच काठी घेऊन त्याच कातळावरच्या रेघेपाशी जा. डोह हातभरही उथळ झाला असेल तर खणायचं यंत्र मागवण्याआधी वरचा डोंगर चढून माती कुठून येते ते बघा आणि तिथे बांध, गवत, झाडं लावायला सुरुवात करा. त्या वर्षी एवढंच काम हातात घ्या, म्हणजे त्याच्या पुढच्या वैशाखात काठी काय सांगते त्याचं कारण नेमकं कळेल.